एकच जहाज किती वेळा बुडतं? युद्धाचे मथळे वाचायची कोल्हापुरी रीत

२६ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन विमानांनी उत्तर समुद्रात ‘आर्क रॉयल’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावर हल्ला केला. बॉम्ब शेजारी पाण्यात पडला, जहाज गदागदा हललं आणि आपल्या वाटेनं निघून गेलं. जर्मन वृत्तपत्रांत मात्र ते बुडालं. वैमानिकाला पदक मिळालं, वरून बढती. पुढे कित्येक आठवडे जर्मन रेडिओ ‘आर्क रॉयल कुठे आहे?’ असा खोचक सवाल टाकत राहिला. ते खरोखर बुडालं नोव्हेंबर १९४१ मध्ये, जिब्राल्टरजवळ, पाणबुडीच्या टॉर्पेडोनं. म्हणजे दोन वर्षं हे जहाज जर्मन कागदावर समुद्राच्या तळाशी होतं. आणि मे १९४१ मध्ये याच बुडालेल्या जहाजावरून उडालेल्या विमानांनी ‘बिस्मार्क’ या जर्मनीच्या अवाढव्य युद्धनौकेचं सुकाणू निकामी केलं. ‘बिस्मार्क’वरच्या खलाशांनी ती जुनी वृत्तपत्रं वाचली असतील तर त्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे.

कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर कुणी जरा जास्तच मोठी बातमी घेऊन आला की त्याला लगेच कुणी खोटं पाडत नाही. शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, “मग फुडं?” बिचाऱ्याला पुढचं सांगावं लागतं, मग त्याच्या पुढचं. तिसऱ्या ‘फुडं’ला बातमीतली हवा गेलेली असते. युद्धाचे मथळे वाचायला याहून चांगलं हत्यार मला तरी माहीत नाही. आपल्याकडे ना उपग्रह, ना हेर. घरात बसून मथळा खरा की खोटा हे आपण ठरवू शकत नाही. पण तो शंभर टक्के खरा धरून पुढे चालवायला कुणाची परवानगी लागत नाही. हे खरं असेल, तर उद्या सकाळी आणखी काय काय व्हायला पाहिजे? ते होतंय का, एवढंच बघायचं. या लेखात तेवढंच करायचं आहे.

मथळा रात्री बारीक होतो

आधी मथळा जन्माला कसा येतो ते बघू. पुष्कळांना वाटतं, बातमी देणारा माणूसच मथळा लिहितो. बहुतेक वेळा तसं नसतं. तो लिहितो रात्रपाळीचा उपसंपादक, आणि त्याच्या मानेवर घड्याळ बसलेलं असतं. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडे जाणारी गाडी आधी सुटते, म्हणून लांबच्या तालुक्यांची पानं आधी सोडावी लागतात आणि शहराची शेवटी. त्यामुळे रात्री चाललेल्या युद्धाचा निकाल चंदगडात एक आणि शाहूपुरीत दुसरा, असंही होऊ शकतं. दोन्ही अंक त्याच पेपरचे, त्याच तारखेचे.

आता समजा, वृत्तसंस्थेकडून हे वाक्य आलं: ‘सीमेवरील चकमकीत शत्रूची बारा विमाने पाडल्याचा दावा लष्कराच्या प्रवक्त्याने केला असून, त्यास स्वतंत्र दुजोरा मिळू शकलेला नाही.’ वाक्य प्रामाणिक आहे. पण आठ कॉलमांत मोठा टाइप लावला की चार-पाच शब्दच मावतात. पहिल्यांदा जातो ‘स्वतंत्र दुजोरा’. मग प्रवक्ता जातो, कारण त्याला कुणी ओळखत नाही. मग ‘चकमक’. शेवटी ‘दावा’ आणि ‘बारा’ यांत एकालाच जागा उरते. उपसंपादक ‘बारा’ ठेवतो. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. उरतं ‘शत्रूची बारा विमाने पाडली’, आणि इतकं कापल्यावर शेवटी उद्गारचिन्हापुरती जागा निघतेच. यात कुणीही खोटं बोललेलं नाही. प्रत्येकानं फक्त एकेक शब्द उचलला. सकाळी हाच मथळा मोबाइलवर पुढे जाताना बाराचे पंधरा होतात, ते वेगळं.

युद्धात एक अडचण वाढते: माहिती देणारा एकच असतो आणि तो लढणाऱ्यांपैकी असतो. दुसऱ्या महायुद्धात इथल्या वृत्तपत्रांवर भारत संरक्षण कायद्याचे नियम होते, कागदाची टंचाई होती, पानं कमी झाली होती. सरकारी पत्रक आलं की ते छापायचं, एवढंच हातात. नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या अंकांच्या फायली चाळायची संधी मिळाली तर एक खेळ करून बघा. एका महिन्याचे फक्त मथळे वाचायचे, बातमी नाही. आणि प्रत्येक मथळ्याला विचारायचं, मग फुडं?

इंग्लंडची बॅटिंग अजून चालू आहे

१५ सप्टेंबर १९४० हा दिवस ब्रिटनमध्ये आजही ‘बॅटल ऑफ ब्रिटन’चा, म्हणजे ब्रिटनच्या आकाशात जर्मन हवाई दलाशी झालेल्या लढाईचा, दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी जर्मनीची १८५ विमानं पाडली, असं जाहीर झालं. युद्धानंतर जर्मन हवाई दलाच्या सामानसुमानाच्या नोंदी हाती आल्या. त्यांत आकडा साधारण ६० निघाला. तिप्पट!

याचा अर्थ वैमानिक थापाडे होते असा नाही. हवाई झुंज काही सेकंदांची असते. एकाच बाँबरवर तिघांनी गोळ्या झाडल्या आणि ते पडलं, तर तिघंही खाली उतरून शपथेवर सांगतात, मी पाडलं. तिघांनाही तसंच दिसलेलं असतं. जर्मन फायटर जीव वाचवायला इंजिन पूर्ण ताणून खाली सूर मारायचं, तेव्हा मागून काळा धूर निघायचा. पाहणाऱ्याला वाटायचं, संपलं. ढगात शिरलेलं विमान घरी जातंय की समुद्रात, ते कुणी बघायला थांबत नव्हतं, कारण तोवर स्वतःच्या मागे कुणीतरी लागलेलं असायचं. संध्याकाळी या सगळ्या शपथांची बेरीज व्हायची आणि मथळा मिळायचा.

त्या उन्हाळ्यात लंडनच्या पेपरविक्यांनी हे आकडे क्रिकेटच्या धावफलकासारखे फळ्यावर लिहायला सुरुवात केली. एका फळ्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे: सगळ्यात मोठा हल्ला, स्कोअर ७८ विरुद्ध २६, इंग्लंडची बॅटिंग चालू. माणसं मरत असताना हे लिहायला छाती लागते, आणि विनोदबुद्धीही. पलीकडेही हाच घोळ होता. जर्मन गुप्तचरांनी स्वतःच्या वैमानिकांच्या शपथा बेरजेला लावून ब्रिटिशांकडे आता मोजकीच विमानं उरलीत, असं वरच्यांना कळवलं होतं. मग समोरून स्पिटफायर या ब्रिटिश फायटर विमानांचा थवा आला की जर्मन बाँबरमधली मंडळी आपापसांत म्हणायची, ही बघा आली ती शेवटची पन्नास!

इथे ‘मग फुडं?’ची पहिली कसोटी सापडते: कालची बेरीज आजच्या बातमीतून वजा करून बघायची. काल शत्रूचं निम्मं हवाई दल संपलं असेल, तर आजचा हल्ला कालच्यापेक्षा लहान असायला हवा. तो मोठा असेल तर एकतर शत्रू रातोरात विमानं छापतोय, नाहीतर आपण. दुसरी कसोटी याहून सोपी आहे. विमान पडलं कुणाच्या हद्दीत? आपल्या हद्दीत पडलं तर सांगाडा दाखवता येतो. समुद्रात किंवा शत्रूच्या मुलखात पडलं, की आकडा वाढायला मोकळा.

सतरा जहाजांतली एकोणीस

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता मथळा. ऑक्टोबर १९४४. अमेरिकन आरमार तैवानजवळ आलं होतं. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. चार-पाच दिवस जपानी विमानांनी त्या ताफ्यावर हल्ले केले. वैमानिक बहुतेक नवखे, हल्ले रात्रीचे. अंधारात जळून पडलेलं स्वतःचं विमानही लांबून पेटलेल्या जहाजासारखं दिसतं. परतलेल्यांनी सांगितलं ते सगळं लिहून घेतलं गेलं. टोकियोच्या मुख्यालयानं शेवटी हिशेब जाहीर केला: ११ विमानवाहू जहाजं बुडवली, ८ निकामी केली. शिवाय बाकीच्या युद्धनौका.

अकरा अधिक आठ, एकोणीस. त्या अमेरिकन ताफ्यात विमानवाहू जहाजं होती सतरा.

प्रत्यक्षात त्यातलं एकही बुडालं नव्हतं. दोन क्रूझर जबर जखमी झाल्या, त्यांना ओढून नेण्यात आलं. जपानची मात्र तीनशेहून जास्त विमानं गेली. देशात जल्लोष झाला, सम्राटाचा अभिनंदनाचा संदेश निघाला, वृत्तपत्रांची पानं भरली. अमेरिकन ॲडमिरल हॉल्सीनं आपल्या वरिष्ठांना एक निरोप धाडला आणि तो लगेच जगजाहीर झाला. त्याचा मतलब असा: रेडिओ टोकियोनं बुडाल्याचं सांगितलेली आमची सर्व जहाजं वर काढली आहेत आणि ती सध्या शत्रूच्या दिशेनं वेगानं माघार घेत आहेत.

बघा, हॉल्सीनं काय केलं? त्यानं खंडन केलं नाही. मथळा खरा धरला आणि पुढे चालवला. हा माणूस आमच्या पेठेत जन्मला असता तरी शोभला असता.

पण या हसण्याच्या पोटात एक भयंकर गोष्ट आहे, आणि ती काल्पनिक नाही. जपानी नौदलाला थोड्याच दिवसांत टेहळणीवरून कळलं की शत्रूची विमानवाहू जहाजं शाबूत आहेत. त्यांनी ते आपल्याच लष्कराला नीट सांगितलं नाही. झालेल्या विजयाचा मथळा मागे कसा घ्यायचा? लष्करानं आधी फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर निर्णायक लढाई द्यायचं ठरवलं होतं. शत्रूचं आरमार बुडालंच आहे, तर मग लेयते बेटावरच गाठू, असं म्हणून त्यांनी बेत बदलला आणि फौजा तिकडे ढकलल्या. २० ऑक्टोबरला अमेरिकन सैन्य लेयतेवर उतरलं, त्या ‘बुडालेल्या’ जहाजांच्या छायेखाली. तिथे जपानी सैनिक मेले ते दहा-दहा हजारांच्या पटीत.

मथळा लोकांना फसवायला लिहिला जातो, असा एक समज आहे. बऱ्याचदा तो लिहिणाऱ्यालाच आधी फसवतो. जपानमध्ये आजही एखाद्या अधिकृत घोषणेवर विश्वास नसेल तर ‘मुख्यालयाची घोषणा’ असं कुत्सितपणे म्हणतात.

किणी टोलनाक्याचा दैदीप्यमान विजय

आकडे तपासणं जमत नसेल तर नकाशा घ्या. जपानी वाचकाला १९४२ पासून १९४५ पर्यंत सातत्यानं शत्रूच्या प्रचंड हानीच्या बातम्या मिळत होत्या. फक्त गावांची नावं बदलत होती. आधी सॉलोमन बेटं. मग गिल्बर्ट. मग मार्शल. मग सायपान, मग फिलिपिन्स, मग इवो जिमा, शेवटी ओकिनावा. ज्याच्या घरी शाळेचा नकाशा होता त्याला पेन्सिलीनं ठिपके देता आले असते. प्रत्येक लढाईत शत्रूची हानी, आणि प्रत्येक लढाई आधीच्यापेक्षा घराच्या जवळ.

कल्पना करा, पुण्याकडून एक फौज कोल्हापूरवर चालून येतेय आणि आपण रोज सकाळी इथला पेपर वाचतोय. सोमवारी: ‘कात्रज घाटात शत्रूची दाणादाण’. मंगळवारी: ‘साताऱ्याजवळ शत्रूला जबर तडाखा’. बुधवारी: ‘कराडच्या संगमावर शत्रू पाण्यात’. गुरुवारी: ‘किणी टोलनाक्यावर दैदीप्यमान विजय, शत्रूनं टोलही भरला’. शुक्रवारी: ‘तावडे हॉटेल चौकात शत्रूचा कणा मोडला’. शनिवारी पेपर येत नाही. रविवारी येतो, पण संपादकाचं नाव बदललेलं असतं.

माघारीची भाषा हा याच नकाशाचा दुसरा अर्धा भाग. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपाननं ग्वाडलकनाल बेट सोडलं, तेव्हा पत्रकात ‘माघार’ आली नाही. सैन्यानं दिशा बदलून दुसरीकडे कूच केलं, असं आलं. जर्मन पत्रकं आघाडी ‘सरळ’ करायची, तीही ठरल्याप्रमाणे. आपल्या फुटबॉलच्या हंगामात ही पत्रकं चालू झाली तर? शाहू स्टेडियमवर चार-शून्यनं हरलेल्या मंडळाचं निवेदन असं येईल: ‘आमच्या संघानं पूर्वनियोजित योजनेनुसार गोलपोस्ट मोकळा करून प्रतिस्पर्ध्याला तिथे गुंतवून ठेवलं व चषकाचा बोजा त्याच्यावर टाकून पुढील हंगामाकडे यशस्वी आगेकूच केली.’ हे वाचून मंगळवार पेठेत काय होईल, ते मी लिहीत नाही.

या जातीतलं सगळ्यात थोर वाक्य सम्राट हिरोहितोच्या १५ ऑगस्ट १९४५ च्या भाषणात आहे. दोन शहरांवर अणुबॉम्ब पडून गेले होते, सोव्हिएत संघ युद्धात उतरला होता, शरणागती ठरली होती. त्यावर रेडिओवरून सांगण्यात आलं की युद्धाची परिस्थिती जपानच्या फायद्याची ठरलीच असं नाही.

बुटावरचं बर्फ आणि गाजर

काही मथळे घाईनं मरतात. क्रिमियाच्या युद्धात रशियाचं सेव्हास्तोपोल शहर पडल्याची बातमी ऑक्टोबर १८५४ च्या सुरुवातीला लंडनच्या ‘टाइम्स’नं छापली. कुण्या तातार निरोप्याच्या तोंडून निघालेली गोष्ट. लंडन-पॅरिसमध्ये आनंदीआनंद. शहर पडलं सप्टेंबर १८५५ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षानं. ७ नोव्हेंबर १९१८ ला युनायटेड प्रेसच्या रॉय हॉवर्डनं फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरातून तार केली, पहिलं महायुद्ध संपलं. न्यूयॉर्कमध्ये लोक रस्त्यावर आले, खिडक्यांतून कागदाचा पाऊस पडला. युद्ध संपलं ११ तारखेला. तेव्हा तीच माणसं पुन्हा नाचली. वाजंत्रीवाल्यांना तेवढा दोनदा धंदा झाला असणार.

अफवांत मात्र १९१४ च्या रशियन फौजेला तोड नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळ्या ब्रिटनला खात्री होती की हजारो रशियन सैनिक स्कॉटलंडला उतरून रात्रीच्या रेल्वेनं फ्रान्सकडे चाललेत. पुरावा? त्यांच्या बुटांवर बर्फ होतं. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वृत्तपत्रांत कुजबुज आली. शेवटी १५ सप्टेंबरला सरकारी प्रेस ब्युरोला खुलासा काढावा लागला की असे कुणी रशियन नाहीत. आता चालवा पुढे: सैनिक रशियाच्या उत्तर टोकाला बोटीत चढले, समुद्रातून कित्येक दिवस आले, स्कॉटलंडला उतरले, ऐन उन्हाळ्यात रेल्वेच्या डब्यात बसले, आणि तरी बुटावरचं बर्फ शाबूत? एवढ्या प्रवासात एकानंही बूट आपटले नाहीत? या अफवेचं एक गमतीदार स्पष्टीकरण सांगतात, की कुठल्याशा व्यापाऱ्याच्या तारेत लाखभर ‘रशियन’ येत असल्याचं म्हटलं होतं, आणि ती होती अंडी. खरं असो-नसो, मला ते पटतं. अंड्यांची फौज पुढे चालवायला सोपी.

गाजराची गोष्ट उलटी आहे. तिथे मथळा पुढे चालला, इतका की अजून थांबला नाही. १९४०-४१ च्या हिवाळ्यात ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं हेरून पाडायला लागले. जॉन कनिंगहॅम हा त्यातला नावाजलेला. वृत्तपत्रांनी त्याला ‘मांजरडोळ्या’ करून टाकलं. खरं कारण होतं विमानात बसवलेलं रडार, आणि ते गुपित होतं. मग छापून आलं की हे वैमानिक गाजरं खूप खातात, म्हणून त्यांना अंधारात दिसतं. रेशनच्या दिवसांत गाजर मुबलक होतं, अन्न खात्यालाही ते खपवायचंच होतं. एका दगडात दोन पक्षी. जर्मन फसले की नाही, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण जगभरच्या आया फसल्या. गाजरात अ जीवनसत्त्व करणारा घटक असतो आणि त्याच्या अभावानं रातांधळेपणा येतो, एवढं खरं. पण ज्याला ती कमतरता नाही, त्यानं बुट्टीभर गाजरं खाल्ली म्हणून लोडशेडिंगमध्ये पुस्तक वाचता येत नाही. राजारामपुरीत आजही एखादी आई पोराला “गाजर खा, चष्मा लागणार न्हाई” म्हणते, तेव्हा ती ब्रिटिश हवाई दलाचं गुपित सांभाळत असते.

प्रश्नचिन्हाचा आडोसा

मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की सावध. ‘तिसरे महायुद्ध अटळ?’ ‘शत्रू शरण येणार?’ इयन बेटरिज या ब्रिटिश पत्रकारानं २००९ मध्ये याचा नियमच मांडला: प्रश्नचिन्हानं संपणाऱ्या कुठल्याही मथळ्याचं उत्तर ‘नाही’ असं देता येतं. कारण उघड आहे. उत्तर ‘होय’ असतं आणि पुरावा हातात असता, तर उपसंपादकानं ते चिन्ह कशाला वापरलं असतं? तिथे त्यानं दुसरं चिन्ह ठोकलं असतं.

याच्या उलट टोकाला १९३८-३९ मधला ‘डेली एक्स्प्रेस’. त्यांनी ठासून, पुन्हापुन्हा छापलं की या वर्षी किंवा पुढच्या वर्षीही ब्रिटन युरोपातल्या युद्धात पडणार नाही. ३ सप्टेंबर १९३९ ला पडलं. एक साधं प्रश्नचिन्ह लावलं असतं तर अब्रू वाचली असती.

आपलंही बघू

दुसऱ्यांवर हसून झालं. डिसेंबर १९७१. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं, ९३ हजार लोक युद्धकैदी झाले. १७ तारखेला कराचीच्या ‘डॉन’चा मोठा मथळा होता: विजय मिळेपर्यंत युद्ध. शरणागती त्याच पानावर होती, लहान टाइपात, आणि तीही शरणागती म्हणून नाही. स्थानिक सेनापतींमध्ये काही व्यवस्था होऊन पूर्वेकडची लढाई थांबली, इतकंच. सगळं पान शेवटपर्यंत वाचणाऱ्याला युद्ध हरल्याचं कळलं, वरचाच वाचणाऱ्याला चालू असल्याचं.

आणि मे २०२५? ८ मेच्या रात्री आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केलं आणि इस्लामाबादही घेऊन टाकलं. इथे रात्री दोनपर्यंत माणसं टीव्हीपुढून उठली नाहीत. काही नाक्यांवर फटाक्यांचे आवाजही झाले. सकाळी कराची जागेवर होती. १० मेला दोन्ही देशांच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांचं फोनवर बोलणं होऊन गोळीबार थांबला. इस्लामाबाद खरंच आपल्या ताब्यात असतं, तर तो फोन लोकल कॉल झाला असता. पलीकडे पुढच्याच आठवड्यात पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी त्यांच्या सिनेटमध्ये लंडनच्या ‘टेलिग्राफ’चा हवाला देऊन सांगितलं की पाकिस्तानी हवाई दल आकाशाचा निर्विवाद राजा ठरलंय. टेलिग्राफनं असं काही छापलंच नव्हतं. कुणीतरी बनवलेल्या पहिल्या पानाचं चित्र फिरत होतं. ते खोटं असल्याचं पाकिस्तानातल्याच ‘डॉन’नं तपासून सांगितलं. ५४ वर्षांत त्या पेपरची एवढी प्रगती झाली, हे मान्य करायला हवं.

शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. पिढ्यान् पिढ्या घराघरांतून माणूस फौजेत. अशा गावात त्या रात्री कुठलं शहर पडलं यापेक्षा पोराचा फोन लागतोय का, हे महत्त्वाचं असतं. आणि मथळा खरा असला तरी तो कुणाचा, हाही प्रश्न उरतोच. मे १९४५ मध्ये युरोपातल्या विजयाचे मथळे जगभर छापले गेले. तेव्हा कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर, वळिवड्याच्या छावणीत, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. १९४३ पासून ती इथं होती. त्यांचा देश जिंकणाऱ्यांच्या बाजूचा होता. पण त्यांतल्या बहुतेकांची गावं पोलंडच्या पूर्व भागातली, आणि तो भाग आता सोव्हिएत संघात गेला होता. विजय झाला आणि परतायला घर उरलं नाही. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी एकदा थांबून वाचावा.

राहता राहिला रोजच्या वापराचा प्रश्न: मग बघायचं काय? आतली पानं. मोठी गोष्ट खरी असेल तर तिचा धक्का अशा ठिकाणी बसतो, जिथे कुणाला देशप्रेम दाखवायचं नसतं. बंदर उद्ध्वस्त झालं तर जहाजांचा विमा महागतो, जहाजं वाट बदलतात, माल अडकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला, तेव्हा पहिल्या पानावर महायुद्धाची प्रश्नचिन्हं होती. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनी मात्र पिग आयर्नचा, म्हणजे ओतकामाच्या कच्च्या लोखंडाचा, भाव बघितला, कारण जगाला पिग आयर्न पुरवणाऱ्यांत हे दोन्ही देश मोठे. भाव चढला होता, म्हणजे बातमी खरी होती. आपलं सूर्यफूल तेलही बहुतेक तिकडूनच यायचं. टीव्हीवर रोज कुणीतरी जिंकत होतं, वाटाघाटी यशस्वी होत होत्या, आणि किराणा दुकानात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच विषय.

“काका, युद्ध थांबतंय म्हणं. टीव्हीवर सांगितलं.”

“व्हय?” काकांनी डब्यावरची जुनी किंमत खोडून नवी लिहिली. “आमच्या होलसेलवाल्यानं न्हाई बगितला वाटतं टीव्ही.”